बाबांचा परोगराम

त्या डिसेंबरात आम्ही नगरला आलो, तेव्हा आमचं वेगळं व्हायचं ठरलेलं होतं आणि घरात ते कुणालाही माहीत नव्हतं.

घर म्हणजे माझं सासर. सावेडीच्या पुढे एका सोसायटीत, खाली गाडी लावायची जागा आणि वर तीन खोल्या. सासरे मूळचे पुणतांब्याचे. तरुणपणी नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्यात राहिले. त्यांना मी बाबा म्हणायचे, सासूबाईंना आई. आम्ही तिघं, म्हणजे नवरा, मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी, जर्मनीत हॅम्बुर्गला राहायचो. नवरा तिथं इंजिनियर आणि मी एका शाळेच्या ग्रंथालयात. मुलीचा जन्म तिकडचाच. दर हिवाळ्यात नाताळच्या सुट्टीला जोडून आम्ही नगरला यायचो.

वेगळं व्हायचं ठरलं ते ऑक्टोबरात. 'आपण ठरवलं' असं आम्ही दोघंही म्हणायचो, पण ठरवलं त्यानं होतं. एका रविवारी सकाळी तो धुतलेली भांडी कपाटात लावत होता. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "मला आता असं राहवत नाही." मला आधी वाटलं तो शहराबद्दल बोलतोय, पावसाळी हवेबद्दल. मग तो वळला आणि मला कळलं. दुसरं कुणी आहे का, असं मी विचारलं. नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्यानं दक्षिणेकडच्या एका शहरात नोकरी बघून ठेवली होती. मार्चपासून तो तिकडे जाणार होता.

"आई-बाबांना तिथं असताना काही सांगायला नको," तो म्हणाला. "ही एक सुट्टी नीट जाऊ दे. परत आल्यावर मी फोनवर सांगेन."

मी हो म्हणाले. त्याला वाटलं मी त्याच्या आई-वडिलांचा विचार करतेय. तो तर होताच. पण त्या सुट्टीत तो माझा नवरा असल्यासारखा वागणार होता, आणि तेवढंही मला हवं होतं.

नगरला आल्या दिवशी रात्रीच्या जेवणाला बाबांनी जाहीर केलं, "उद्या सकाळी नऊला गाडी निघनार. परोगराम ठरलाय."

हा परोगराम काही वर्षांपूर्वी सुरू झाला होता. मुलगी चार-पाच वर्षांची असताना व्हिडिओ कॉलवर तिनं त्यांना सांगितलं होतं की आम्ही दर रविवारी कुठल्या ना कुठल्या संग्रहालयात जातो, आणि तिथं तिनं देवमाशाचा सांगाडा बघितला. बाबांनी ते मनावर घेतलं. "आमच्या नगरात काय कमी हाय का?" ते म्हणाले. तेव्हापासून आम्ही आलो की ते त्यांची जुनी व्हॅन धुऊन पुसून तयार ठेवायचे आणि आम्हाला रोज कुठंतरी न्यायचे. संग्रहालय, किल्ला, नाटक, हॉटेल. दरवर्षी साधारण तीच ठिकाणं असायची, पण ती पहिल्यांदाच दाखवत असल्यासारखे ते दाखवायचे. माहिती मात्र बरीचशी मनाचीच असायची. एकाच तोफेचं वय दरवर्षी वाढत जायचं. मुलगी आता मोठी झाली होती, पाट्या वाचायला लागली होती. पण आजोबा जे सांगायचे ते ती मान डोलावून ऐकायची.

पहिल्या दिवशी रणगाड्यांचं संग्रहालय. उघड्यावर, झाडांच्या सावलीत रांगेनं उभे असलेले जुने रणगाडे. बाबा आणि नात पुढे, आम्ही दोघं मागे, आणि सगळ्यांत मागे आई, गुडघ्यांमुळे सावकाश. मुलीचं मराठी जर्मनच्या वळणानं जायचं. "आजोबा, ही रणगाडा कुणाशी लढली?" असं ती विचारायची आणि बाबा तिचं व्याकरण न सुधारता त्याच थाटात सांगायचे, "ही व्हय? ही लई लढली."

एका रणगाड्यासमोर बाबांनी आम्हाला उभं केलं. "फोटो काढायचा. तुमी तिघं ऱ्हावा." ते मोबाईल दूर धरून एक डोळा मिटून बघत होते. "जवळ सरका की. परकी मानसं हायेत का तुमी?"

नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोटाच्या आतून, स्वेटरच्या आतून मला त्या हाताचं वजन जाणवलं. कितीतरी महिन्यांत त्याचा हात माझ्या अंगाला लागला नव्हता. बाबांचं बोट नेहमीसारखं चुकीच्या जागी पडत होतं, फोटो निघतच नव्हता. माझ्या मनात आलं, निघूच नये. मग खट् असा आवाज आला आणि हात उचलला गेला.

घरी नवऱ्यासारखं वागणं त्याला जमत होतं. मला जड वाटणारी पिशवी तो न सांगता उचलायचा. आईंच्या हातची बाजरीची भाकरी खाताना माझ्या ताटात लोण्याचा गोळा सरकवायचा, कारण मला ते आवडतं हे त्याला माहीत होतं. माझ्याशी बोलताना त्याचा आवाज मऊ असायचा. खोलीत गेलो की मात्र तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि सकाळी माझ्या आधी उठून गेलेला असायचा. रात्रभर मी सकाळची वाट बघायचे, कारण बाहेर पडलं की तो पुन्हा हसायला लागायचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आम्ही गावातल्या जुन्या वस्तुसंग्रहालयात गेलो. पोथ्या, नाणी, तलवारी, पिवळे पडलेले नकाशे. बाबा मुलीला आणि नवऱ्याला घेऊन आत गेले. आईंना जिना नको होता, म्हणून त्यांच्याबरोबर मी खालीच बाकावर बसले. आई मितभाषी. घरात बोलायचं काम बाबांचं, आणि ते चुकलं तर सुधारायचं काम आईंचं. त्यांनी गुडघ्यावरचा पदर सारखा केला आणि समोर बघत विचारलं, "तुमचं काय बिनसलंय का गं?"

"नाही हो आई. काही नाही."

"गेल्या साली तुमी लई भांडत हुता," आई म्हणाल्या. "चहावरनं, गाडीवरनं, पोरीच्या केसावरनं. मला आवाज यायचा. मी ह्यांना म्हनायची बी, कसे भांडत्यात बघा. औंदा तुमी एकदाबी भांडला न्हाई."

मी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग मी म्हणाले, "आता शहाणे झालो आम्ही."

आईंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग "बरं" म्हणाल्या आणि पर्समधून खारीक काढून मला दिली. ती चघळत आम्ही दोघी बसून राहिलो. जिन्यावरून मुलीचा आणि बाबांचा हसण्याचा आवाज येत होता. मला तिथंच आईंच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. लग्न होऊन आले तेव्हा मला पोळ्या येत नव्हत्या आणि आईंनी ते सबंध वर्षभर माझ्या माहेरी कळू दिलं नव्हतं. माझी आई आली की स्वतः केलेल्या पोळ्या त्या माझ्या म्हणून वाढायच्या. इतकं ज्यांनी झाकून घेतलं त्यांच्यापासून मी हे झाकत होते.

मग नाटक. बाबांना नाटकाचं वेड होतं. कारखान्यात असताना कामगारांच्या स्पर्धेत त्यांनी एकदा फौजदाराचं काम केलं होतं. एकच वाक्य होतं त्यांना, "हात वर करा", आणि ते त्यांनी इतक्या मोठ्यांदा म्हटलं होतं म्हणे की समोरच्या गुन्हेगारासकट मागे उभ्या असलेल्या पडदेवाल्यानंही हात वर केले आणि पडदा पडला. ही गोष्ट ते दरवर्षी सांगायचे. त्या संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात हौशी मंडळींचं नवं नाटक होतं. बाबांनी आमची पुढच्या ओळीतली जागा धरून ठेवली होती.

नाटक साधंच होतं. एका जोडप्याकडे दूरचा पाहुणा येतो आणि जायचं नावच काढत नाही. त्याला घालवण्यासाठी नवरा-बायको खोटंखोटं भांडायला लागतात. लोक खूप हसत होते. मुलीला निम्मं कळत नव्हतं, पण आजोबा हसले की तीही हसायची. ऐन भांडणात, नटी हातात लाटणं घेऊन पुढे आली असताना, दिवे गेले. काळोख. मागून शिट्ट्या आल्या. स्टेजवरची दोघं गप्प उभी होती.

बाबा उठून उभे राहिले. मोबाईलची बॅटरी लावून त्यांनी हात वर धरला आणि ओरडले, "चालू द्या हो! आमी हाय की!"

त्यांचं बघून मुलीनं माझा मोबाईल घेतला. मग मागच्या ओळीत एक दिवा लागला, मग सगळ्या सभागृहात. नटीनं लाटणं पुन्हा उगारलं आणि नाटक पुढे सुरू झालं. दिवे येईपर्यंत बाबा बसले नाहीत. त्यांचा वर धरलेला हात थरथरायला लागला तसा त्यांनी दुसऱ्या हातानं त्याला आधार दिला.

त्या उजेडात मी शेजारी बघितलं तर नवरा रडत होता. आवाज न करता, तोंड स्टेजकडे, आणि गाल पूर्ण ओले. मला वाटलं, तो हे सोडू शकणार नाही. आम्हाला तो सोडू शकणार नाही. नाटकाचा उरलेला भाग मला आठवत नाही. मी मनातल्या मनात आमची हॅम्बुर्गची घडी पुन्हा बसवत होते.

सुटल्यावर बाबा गाडी काढायला गेले. आई आणि मुलगी शेंगदाणेवाल्याजवळ उभ्या होत्या. मी त्याच्याजवळ गेले.

"काय झालं होतं तुला?"

"काही नाही गं," तो म्हणाला. " बाबांचा हात बघत होतो. म्हातारे झालेत."

"बस? एवढंच?"

त्याला कळलं मी काय विचारतेय. त्यानं खाली बघितलं. "सॉरी," तो म्हणाला. तेवढ्यात बाबांनी हॉर्न वाजवला.

आमच्या लग्नाचा वाढदिवस डिसेंबरच्या अखेरीस येतो. तो दिवस आपोआप निघून जाईल असं आम्ही दोघांनी न बोलता धरलं होतं. त्या दिवशी बाबांनी सांगितलं की मनमाड रोडला नवीन हॉटेल झालंय, आज तिथं जेवायचं, चांगले कपडे घाला. मी साडी नेसले. खोलीतून बाहेर आले तेव्हा तो शर्टाची बटणं लावत उभा होता. माझ्याकडे बघून त्याच्या तोंडावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. ते दुःख होतं, पण पाहुण्याला दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीचं होतं तसं.

हॉटेलात टेबल आधीच धरलेलं होतं आणि त्या टेबलावर माझे आई-वडील बसलेले होते. राहुरीहून आले होते. बाबांनी गुपचूप फोन करून बोलावलं होतं. माझ्या वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आईनं माझ्या लग्नातली पैठणी नेसली होती. मला बघून ती इतकी हसली की मला हसावंच लागलं.

मसाला पापड आला, सूप आलं. बाबा वेटरला पुन्हा पुन्हा सांगत होते, तिखट कमी, पोरगी फॉरेनची हाय. दोन्ही व्याही कांद्याच्या गोष्टी बोलत होते. मग दिवे मंद झाले आणि वेटर केक घेऊन आला. केकवर आमचा फोटो छापलेला होता. रणगाड्यासमोरचा. त्याचा हात माझ्या खांद्यावर, मुलगी मध्ये, आणि माझ्या तोंडावर असं हसू की कुणीही म्हणेल ही बाई सुखात आहे.

"कापा," बाबा म्हणाले. "दोघांनी मिळून."

मी सुरी धरली. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. तो गार पडला होता. फोटो न कापता कडेनं कापायचा मी प्रयत्न केला, पण केक लहान होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाबांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून दोन नवे कोरे पासपोर्ट काढून टेबलावर ठेवले.

"कुनाला सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "पुन्याला जाऊन काडले. हिला म्हनलं, गुडघं दुखतील तर दुखतील, पन एकदा पोरांचं घर बघायचं. पुढच्या उन्हाळ्यात आमी दोघं येतो. आता परोगराम हिचा," त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, "हिनं आमाला तिकडं फिरवायचं. तो देवमासा दावायचा."

इतकी वर्षं आम्ही या म्हणायचो आणि ते टाळायचे. विमानाची भीती, आईंचे गुडघे, घराला कुलूप कसं लावायचं. माझे वडील उठून बाबांना मिठी मारायला गेले. माझी आई डोळे पुसायला लागली. फक्त माझ्या सासूबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या पासपोर्टांवर सांडलेलं पाणी पदरानं टिपत होत्या.

मुलीनं तिच्या वडिलांकडे बघितलं आणि जर्मनमध्ये, अगदी शांत आवाजात विचारलं, "पण तेव्हा तू आपल्या घरी असशील का?"

टेबलाभोवतीच्या माणसांत ते फक्त आम्हा दोघांनाच कळलं. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिनं कधी ऐकलं, किती दिवस मनात धरून ठेवलं होतं, कोण जाणे. इतके दिवस ती आजोबांबरोबर हसत होती, रणगाडे बघत होती, हातात मोबाईल धरून उभी राहिली होती. तिलाही हे माहीत होतं. तीही आमच्यासारखीच गप्प होती.

"काय म्हनाली?" बाबांनी उत्सुकतेनं विचारलं.

नवऱ्यानं केकची सुरी बाजूला ठेवली. "विचारतेय," तो म्हणाला, "केक अजून आहे का."

सगळे हसले. बाबांनी मोठा तुकडा कापून तिच्या ताटात ठेवला. तिनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत तो सबंध तुकडा खाल्ला. तिला क्रीम आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सांगून टाकलं. मला विचारलं नाही, फक्त खोलीच्या दारात थांबून म्हणाला, "आता नाही लपवता येणार." आई खाली बसून मेथी निवडत होत्या. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मुलगी गच्चीवर होती. तो उभ्यानंच बोलला. वेगळे होतोय, मार्चमध्ये मी दुसऱ्या गावाला जाणार.

"कोन?" बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. "कोन वेगळं होतंय?"

"आम्ही, बाबा."

बाबांनी पेपरची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. आईंचे हात थांबले नव्हते. पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मला वाटलं त्या म्हणतील, मी विचारलं होतं तुला. पण त्यांनी मेथीची पुढची जुडी ओढली. त्यांच्या त्या बघण्यानं मी भिंतीला टेकले.

"पोरीला म्हाईत हाय?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

बाबा उठले. किल्ली घेतली. "मग आवरा. नऊ वाजत आले."

"बाबा, आज कुठं—" नवरा म्हणाला.

"चांदबीबीचा म्हाल ऱ्हायलाय. मी पोरीला कबूल केलंय."

आम्ही पाचही जण गेलो. डोंगरावर वारा होता. त्या दगडी इमारतीला आठ बाजू आहेत आणि आत वर जायला अरुंद जिना आहे. नवरा मुलीला घेऊन वर गेला. आई गाडीतच बसल्या. मी बाहेरच्या ओट्यावर बसले तर बाबा माझ्याजवळ येऊन बसले. खाली शहर पसरलेलं होतं, धुरकट. पाट्यांवर त्याचं नाव आता बदललंय, पण आमच्या सगळ्यांच्या तोंडात ते अजून नगरच.

"मारतो का तो तुला?" बाबांनी विचारलं.

"नाही हो बाबा."

"पितो?"

"नाही."

"मग दुसरं काय भानगड—"

"तसंही काही नाही. त्याला माझ्यासोबत राहायचं नाही. एवढंच."

बाबा खालच्या शहराकडे बघत राहिले. ते काहीतरी शोधत होते, जिथं हात घालता येईल असं काहीतरी. मुलगा मारत असता तर त्यांनी त्याला दोन थोबाडीत दिल्या असत्या. पीत असता तर सोडवायला घेऊन गेले असते. शेवटी ते म्हणाले, "हे असं नुसतंच बी असतं व्हय?"

त्यावर मला रडू आलं. तीन महिने मी रडले नव्हते. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, तशी आमच्याकडे पद्धत नव्हती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"तू येशील का गं पोरी?" ते म्हणाले. "इथं. दर साली येती तशी."

"येईन, बाबा."

"आमी काय तुला सोडलेलं न्हाई."

वरून मुलीनं हाक मारली. आम्ही दोघांनी वर बघून हात हलवला. तिच्या मागे तिचे वडील उभे होते आणि त्यांनीही हात हलवला.

मार्चमध्ये तो गेला. पुढचं सगळं रीतसर झालं, आरडाओरडा न होता. मुलगी सुट्टीत त्याच्याकडे जायची. बाबा सुरुवातीला दर रविवारी मला फोन करायचे. पुढे पुढे मुलीशी बोलून झालं की "आई बरी हाय ना?" असं तिलाच विचारायला लागले. उन्हाळा आला. पासपोर्टांचा विषय मी एकदा काढला. म्हटलं, या ना तुम्ही, घर तेच आहे, मी आहे, ही आहे. "बघू," बाबा म्हणाले. "हिचं गुडघं जरा बरं होऊ दे."

डिसेंबरात मी मुलीला घेऊन आले आणि राहुरीला माझ्या माहेरी उतरले. नवरा त्या वर्षी येणार नव्हता. पहिल्याच रविवारी आम्ही सावेडीला गेलो. बाबांनी व्हॅन धुऊन ठेवली होती. मुलगी धावत जिना चढली. दार आईंनी उघडलं. नातीला त्यांनी पोटाशी धरलं, तिचे केस मागे सारले, किती उंच झाली म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"या," त्या म्हणाल्या. "बसा."

लग्नापासून त्या मला 'ये गं' म्हणत होत्या. मी चपला काढून नेहमीसारखी स्वयंपाकघराकडे वळले होते. पाऊल तिथंच थांबलं. मी हॉलमधल्या सोफ्यावर बसले. थोड्या वेळानं आईंनी ट्रेमधून पाणी आणलं, आणि मग चहा आणला, सोनेरी काठाच्या कपांत. ते कप शोकेसमध्ये असायचे. पाहुणे आले की मीच ते काढून, धुऊन, पुसून परत ठेवत असे. आईंच्या मनात राग नव्हता, हे मला त्यांच्या तोंडावरून कळत होतं. त्यांनी साखरही बरोबर माझ्याइतकीच घातली होती. मला आता काय म्हणायचं, कुठं बसवायचं, हे त्यांना उमगत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही दोघी माझ्या आईच्या तब्येतीबद्दल बोललो, हवेबद्दल बोललो.

बाबा मुलीला दुपारच्या बालनाट्याला नेणार होते. "चल की तू बी," ते मला म्हणाले. आतून आई म्हणाल्या, "अहो, पुनतांब्याच्या वन्सं येनार हायेत ना संगं. चार मानसं विचारत्यात." पुढचं त्या बोलल्या नाहीत. बाबांनी व्हॅनची किल्ली उचलली.

"तुम्ही जा," मी म्हणाले. "मला राहुरीला काम आहे थोडं. हिला उद्या सोडा."

बाबांनी मला तारकपूरच्या स्टँडवर आणून सोडलं. मुलगी मागच्या सीटवर. राहुरीची बस लागलेली होती. मी नको म्हणत असताना बाबा माझ्या आधी बसमध्ये चढले, खिडकीची जागा धरली, मला बसवलं आणि कंडक्टरकडे गेले.

"ह्यांना राहुरीला उतरवा," ते त्याला म्हणाले. "बाहेरच्या देशातनं आल्यात, सवय न्हाई. ह्या आमच्या..."

ते थांबले. कंडक्टर मशीनवर बोट ठेवून वाट बघत होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"घरच्याच हायेत," ते म्हणाले.

"जा काका निवांत, उतरवतो," कंडक्टर म्हणाला.

बाबा उतरून खिडकीखाली येऊन उभे राहिले. नाटकाची वेळ होत आली होती. मी त्यांना जा म्हणाले. ते हो हो म्हणाले, पण बस फाटकातून बाहेर पडेपर्यंत हलले नाहीत.